आधी पाय पाय!

मे महिना. वाशिम. दुपारचे अडीच. बाहेर ४४ डिग्री, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. आणि मी आमच्या घराच्या जिन्यावर वर-खाली करतेय. पायात जाड लोकरी मोजे आणि त्यावर एव्हरेस्टच्या फोटोत असतात तसले कडक, पिवळेधमक बूट. ठक ठक ठक वर, ठक ठक ठक खाली.

आई कूलरच्या खोलीतून बाहेर आली. ‘काय करून रायली व माय?’

‘बूट कुठे नडतोय ते बघतेय.’

‘ऊन लागलं हिले,’ असं बाबांना सांगून ती परत कूलरसमोर गेली.

हसू नका. मामला सीरियस आहे. या बुटांनी गेल्या फेब्रुवारीत चार जणांच्या सुट्टीची वाट लावली. म्हणजे बुटांनी नाही, मीच लावली. पण ते पुढे.

आधी तुमच्या मनातला प्रश्न. वाशिमची मुलगी आणि बर्फ? बॉस, मान्य. आमच्याकडे बर्फ दिसतो तो रसवंतीवर, बारदानात गुंडाळलेला. डोंगर म्हणावा तर तोही बेताचाच. सोयाबीन, तूर, कापूस आणि उन्हाळा ही आमची ओळख. पण तीन वर्षांपूर्वी हिंजवडीच्या ऑफिसातल्या गँगबरोबर गुलमर्गला गेले, गंमत म्हणून भाड्याने स्नोबोर्ड घेतला, दोन दिवस फक्त बुडावर आपटले आणि तिसऱ्या दिवशी उभी राहिले. खल्लास! तेव्हापासून लीव्ह, बोनस, सगळं फेब्रुवारीच्या नावावर.

आणि योगायोग बघा. १९९८ साल. फेब्रुवारीत नागानोच्या ऑलिम्पिकमध्ये स्नोबोर्डिंग पहिल्यांदा आलं. मे महिन्यात सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोचले. तिथे पोचलेले पहिले महाराष्ट्रीय म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. १ जुलैला अकोल्यातून वेगळा होऊन वाशिम जिल्हा झाला. आणि गुलमर्गच्या गोंडोलाचा पहिला टप्पाही त्याच वर्षी सुरू झाला. मी तेव्हा बालवाडीत होते, पायात निळ्या पट्ट्याची स्लीपर. त्या स्लीपरचा या गोष्टीशी संबंध आहे, लक्षात ठेवा.

तर, तिसऱ्या सीझनला आम्हाला बॅककंट्रीचा किडा चावला. गोंडोलाच्या आसपास जो उतार असतो तो मशीनने दाबलेला, पट्ट्या-पट्ट्यांचा, राखणदार असलेला. त्याच्या बाहेरचं सगळं म्हणजे बॅककंट्री. कुणी न दाबलेला, मांडीएवढा भुसभुशीत बर्फ, आजूबाजूला माणूस नाही. तिथे लिफ्ट नसते. बोर्ड पाठीला बांधायचा, आपल्या पायांनी वर चढायचं आणि मग उतरायचं. जे काय स्वर्ग-बिर्ग म्हणतात ते हेच. फक्त तिकीट जरा रिस्की. १ फेब्रुवारी २०२३ ला याच अफरवतच्या उतारांवर हिमस्खलन झालं आणि पोलंडचे दोन स्कीअर गेले. त्यामुळे गाइड, बर्फाखाली माणूस शोधायचं यंत्र, फावडं, काठी हे सगळं आलंच. त्याबाबत आम्ही शहाण्यासारखे वागलो.

बुटांबाबत नाही. म्हणजे मी नाही.

माझं लॉजिक सिंपल होतं. डोंगर चढायचाय ना? मग डोंगर चढायचे बूट घ्यायचे. आणि घ्यायचेच तर टॉपचे. गिर्यारोहणाच्या बुटांना ग्रेड असते. बी-वन म्हणजे थोडा वाकणारा तळ. त्याला बर्फाचे काटे, म्हणजे क्रॅम्पॉन, पट्ट्यांनी बांधायचे. बी-टू जास्त कडक, टाचेला खाच. बी-थ्री म्हणजे तळ अजिबात वाकत नाही, पुढे आणि मागे दोन्हीकडे खाच, क्रॅम्पॉन खटकन बसतात. इंजिनिअर माणसाला अशी यादी दिली की तो शेवटचं ऑप्शन घेतो. मी बी-थ्री घेतले. अर्धा पगार गेला. साइज ऑफिसच्या बुटांची सांगितली. दुकानात मऊ गालिच्यावर चार पावलं चालले, आरशात बघितलं. काय दिसत होते यार!

गुलमर्गला त्या दिवशी सकाळी हॉटेलच्या पायरीवर गाइडने माझ्या पायांकडे बघितलं. बाकी तिघांच्या पायात स्नोबोर्डचे मऊ, गुबगुबीत बूट. ‘मॅडम, ये पहनके चलेंगे?’ मी म्हटलं, ‘हां, बी-थ्री है.’ तो काही बोलला नाही. जाणकार माणसं अशा वेळी बोलत नाहीत, हे मला आता कळतं.

गोंडोलाच्या दुसऱ्या टप्प्याने वर गेलो, जवळजवळ ३,९८० मीटर. तिथून धारेवरून चालत पुढे. पहिली वीस मिनिटं बूट भारीच चालले, खरं सांगते. कडक बर्फात टोक मारलं की पायरी तयार. मी मनातल्या मनात तिघांना चिडवत होते. मग बोटं दुखायला लागली. अजून वीस मिनिटांनी दुखायची थांबली. मला वाटलं, सेट झाला बूट.

बोटं दुखायची थांबली तर खूश व्हायचं नसतं. त्याचा अर्थ ती बधिर झाली. हे मला माहीत होतं, वाचलेलं होतं. तरी मी बोलले नाही. एवढे महागडे बूट घालून ‘माझी बोटं’ म्हणायची लाज वाटली. या सगळ्या स्टोरीत मला शरम वाटते ती या एका गोष्टीची. बूट चुकणं माफ आहे.

पुढचं पटकन सांगते. उताराच्या तोंडाशी बोर्ड पायाला बांधला. बाइंडिंगचा पुढचा पट्टा स्नोबोर्डच्या रुंद, मऊ बुटासाठी असतो. माझ्या अरुंद, टणक बुटावरून तो सारखा निसटत होता. वरचा पट्टा लेसच्या गाठीवर रुतत होता. आतमध्ये टाच उचलली जात होती. स्नोबोर्ड चालतो टाच आणि चवडा यांच्या दाबावर. मी टाच दाबतेय आणि बोर्डला ते कळतच नाहीये. पहिल्याच वळणावर पडले. उठले, पडले. परत.

आणि पडले कुठे? गाइडने वर असतानाच बजावलेलं: या उताराखाली थांबायचं नाही, एकेकाने निघून पलीकडे जायचं. डोक्यावर वाऱ्याने साठवलेला बर्फ लटकत होता. मी बरोब्बर त्याच्या खाली बसून पट्ट्यांशी झटापट करत होते. ते तिघं वर खोळंबलेले, माझ्यामुळे. गाइड माझ्याकडे आला, मला ओढत कडेच्या झाडांकडे नेलं, बूट काढला. दोन बोटं मेणासारखी पांढरी. त्याने माझा पाय सरळ आपल्या जॅकेटच्या आत, पोटाशी धरला. चोळला नाही; गोठलेली बोटं चोळायची नसतात. दहा मिनिटं कुणी काही बोललं नाही. मग तो म्हणाला, ‘वापस.’

चौघंही वापस. पुढचे दोन दिवस वादळ, गोंडोला बंद. तिसऱ्या दिवशी फ्लाइट. माझ्या रूममेटने त्या एका दिवसासाठी वर्षभराची लीव्ह साठवली होती, सख्ख्या मावसभावाचा साखरपुडा बुडवला होता. ती एक शब्द बोलली नाही. श्रीनगर एअरपोर्टवर मला कहवा आणून दिला. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

बोटं वाचली. आठवडाभर मुंग्या येत होत्या, एप्रिलमध्ये अंगठ्याचं नख गळून पडलं. नंतर रूममेट एवढंच म्हणाली, ‘पुढच्या वर्षी तू येतेयस. पण काय नडलं ते आधी शोध. मगच नवे घे.’

म्हणून मेमध्ये चुलतबहिणीच्या लग्नाला घरी जाताना बूट बॅगेत घातले. आणि जिन्यावरच्या प्रयोगातून काही निष्पन्न होईना, तेव्हा संध्याकाळी स्कूटीवर टाकून पाटणी चौकात गेले. तिथे आमचे चपलांचे काका आहेत. माझी पहिली स्लीपर त्यांची, दहावीच्या सेंडऑफचे सँडल त्यांचे. पिवळे बूट काउंटरवर ठेवल्यावर त्यांनी चष्मा लावला.

‘हे कायचे व?’

‘बर्फावर घालायचे.’

‘बर्फ त रसवंतीवर भेटते. तिथी कायले बूट लागते?’

सगळं सांगितल्यावर मात्र ते गप्प झाले. बूट उलटा केला, वाकवून बघितला, वाकेना. आत हात घालून चाचपला. मी म्हटलं, ‘काका, आता कुठला घेऊ ते सांगा.’

‘बूट मंग पाहू,’ काका म्हणाले. ‘आधी पाय पाय.’

पुण्या-मुंबईच्या मंडळींसाठी: आमच्या वऱ्हाडीत ‘पाय’ म्हणजे पायही आणि ‘बघ’ही. आधी तुझा पाय बघ.

मी बघितला. तीस वर्षं बरोबर आहे, पण असा कधी बघितला नव्हता. काकांनी पुठ्ठ्यावर उभं केलं, वजन टाकायला लावलं, पेन्सिल सरळ धरून कड आखली. मग तो आकार माझ्यासमोर धरला. ‘पाय. समोरून सुपावानी, आन टाच येवढीशी. शाळेत स्लीपर घालून जात होती ना?’

‘हो.’

‘मंग. बोटं मोकळी वाढली. बुटात वाढलेला पाय असा नसते.’ पिवळ्या बुटाचं आतलं पातळ तळवं उपसून त्यांनी माझ्या पुठ्ठ्यावर ठेवलं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही रेषेच्या बाहेर. पांढरी पडलेली बोटं हीच ती. मागे टाचेशी मात्र बोटभर जागा रिकामी. ‘बुटानं टाच धरली पायजे, बोटं सोडली पायजे. यानं उलटं केलं.’

फुकटात. ज्या गोष्टीसाठी मी तीन महिने ग्रेड, वजन, ब्रँड, रेटिंग यांचे एक्सेल शीट बनवत होते, ती पुठ्ठ्याच्या तुकड्याने पाच मिनिटांत दाखवली. बाहेरचे बरेचसे बूट ज्या साच्यावर बनतात तो अरुंद असतो. लहानपण चपलेत किंवा अनवाणी गेलेल्या पायाचा पंजा रुंद होतो. त्यात बुटाची काही चूक नाही. तो माझा बूट नव्हता, एवढंच.

आता त्यानंतर केलेला अभ्यास. तुमच्यापैकी कुणी हिमालयात निघाला असाल तर उपयोगी पडेल. कळसूबाईला निघाला असाल तर हे सगळं विसरा, तिथे पूर्वीपासून बऱ्याच ट्रेकर्सचं पायताण म्हणजे साधे ‘अ‍ॅक्शन’चे ट्रेकिंग शूज, आणि ते खडकावर मस्त धरतात.

बर्फात मुळात विचारायचं ते हे, की या पायाला दिवसभरात काय काम आहे. चढाई किती, उतार किती? गुलमर्गला गोंडोला तुम्हाला बहुतेक उंचीवर नेऊन सोडतो, पुढे तास-दीड तास चालणं. अशा ठिकाणी स्नोबोर्डचाच जरा कडक मऊ बूट, खाली रबराचा खाचांचा तळ असलेला, आणि चालायला स्नोशूज किंवा उभा दुभागणारा स्प्लिटबोर्ड, एवढं पुरे. बहुतेक सगळे तेच घालतात. मीच एकटी नवरदेव होऊन गेले होते. मऊ बुटाची खोट एकच: टणक, काचेसारख्या बर्फात टोक मारून पायरी खोदता येत नाही आणि क्रॅम्पॉन पट्ट्यांनी बांधले की बूट दाबला जातो. जिथे खरोखर उभी, गोठलेली चढाई आहे तिथे गिर्यारोहणाचा बूट हवाच. मग तो घालून बोर्डवर उभं राहायचं तर बाइंडिंगही वेगळं, पुढच्या-मागच्या खाचेत अडकणारं पत्र्याचं लागतं. पण त्यात घोट्याला बाजूला झुकायची ती मजा जाते. काही जण चढायला एक आणि उतरायला दुसरा असे दोन जोड नेतात. पाठीवर. त्यांना माझा साष्टांग. बूट पायात असला तरी वजन काही कमी चालत नाही. पायातला एक किलो पाठीवरच्या पाच किलोंएवढा, असा जुना हिशेब आहे.

साइज. दुकानात संध्याकाळी जा, दिवसभरात पाय फुगतो. जो मोजा डोंगरात घालणार तोच घालून जा, आणि एकच. दोन मोजे घातले की सुरकुत्या पडतात, जागा कमी होते, रक्त अडतं आणि पाय जास्तच गार पडतो. मोजा लोकरीचा. कॉटन नाही, ओलं झालं की वाळत नाही. (कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यातली मुलगी हे लिहितेय, बाबांनी वाचू नये.) गिर्यारोहणाच्या बुटात लेस न बांधता पाय पुढे सरकवला की टाचेमागे एक बोट जायला हवं, आणि बांधून उतारावर उभं राहिलं तर बोटं पुढे टेकता कामा नयेत. स्नोबोर्डच्या बुटाचं वेगळं: सरळ उभं असताना बोटं पुढे हलकेच टेकतात, गुडघे वाकवले की मागे येतात. तसं झालं तर साइज बरोबर. त्याचा नंबर सरळ सेंटिमीटरमध्ये असतो, पायाच्या लांबीएवढा. दोन्ही पाय मोजा. एक मोठा निघतो, त्याचा नंबर घ्या.

खूप थंडीसाठी दुहेरी बूट असतात, बाहेर कवच आणि आत निघणारा मऊ बूट. रात्री आतला काढून स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपायचं. गंमत वाटते ना? २९ मे १९५३ च्या पहाटे एडमंड हिलरी उठले तेव्हा रात्री काढून ठेवलेले त्यांचे बूट दगडासारखे गोठले होते. स्टोव्हवर शेकून पायात जाण्याजोगे व्हायला दोनेक तास गेले. तेनसिंगनी आपले काढलेच नव्हते. एव्हरेस्टची पहिली चढाई दोन तास बुटांसाठी थांबली होती! आणि आपण गालिच्यावर चार पावलं चालून बूट घेतो.

असो. माझं काय झालं?

ऑफिसमधला एक जण ऑनसाइट डेन्व्हरला होता, जुलैमध्ये परत येणार होता. तो आणायला तयार झाला, पण एकच चान्स. बसला नाही तर परत करायला अमेरिका. मी काकांच्या पुठ्ठ्याचा फोटो पाठवला, शेजारी पट्टी ठेवून. डावा २४१ मिलिमीटर, उजवा २४५. पठ्ठ्याने त्याच मापाची प्रिंट काढली, कात्रीने कापली आणि दुकानात गेला. आमची रात्र, त्याची सकाळ, व्हिडिओ कॉलवर मी आणि रूममेट. त्याने एकामागून एक बुटाचं आतलं तळवं उपसून त्यावर माझा कागदी पाय ठेवायला सुरुवात केली. दुकानातली गोरी पोरगी मागे हात बांधून उभी, चेहऱ्यावर भूत बघितल्यासारखा भाव. पहिला, नाही. दुसरा, करंगळी बाहेर. तिसरा, परत करंगळी. चौथा तिनेच आतून आणून दिला, रुंद पंजाचा, २४.५ चा. पाचही बोटं रेषेच्या आत.

‘टाच बघ, टाच!’ रूममेट माझ्याआधी ओरडली.

टाचेपाशी तळवं घट्ट. शिवाय आतला अस्तराचा बूट गरम करून पायाच्या आकारात बसवता येतो, म्हणाली ती पोरगी. घेतले. रंग राखाडी, दिसायला अगदीच पावसाळी गमबूट. फोटोत काही खास येणार नाहीत.

जुलैपासून रोज रात्री सोसायटीच्या जिन्यावर तासभर घालून चालतेय. वॉचमनने पहिल्या दिवशी विचारलं, आता विचारत नाही. गाइडलाही फोटो पाठवला. त्याचं उत्तर: ‘अब ठीक है मॅडम.’ आणि खाली आणखी एक ओळ: ‘दर्द हो तो बोलना.’

पिवळे बूट विकायला अजून जीव होत नाही. काकांनी मागून घेतले, ‘ठेव माह्या दुकानात, लोक पायतीन.’ पाटणी चौकातल्या काचेच्या कपाटात, लहान मुलांच्या पी-पी वाजणाऱ्या बुटांच्या शेजारी आहेत. बाबा सांगत होते, मागच्या आठवड्यात एका नवरदेवाने भाव विचारला म्हणे.